दोन ओळींचा ठपका

कार्यालयात मी आस्थापनेच्या टेबलावर बसते. म्हणजे कोणाची बदली, कोणाची रजा, कोणाला शिक्षा, हे सगळं माझ्या हातून कागदावर उतरतं. लोक मला घाबरतात असं अधूनमधून कानावर यायचं आणि खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटायचं. कोणाला नोटीस काढायची असली की दुसऱ्या शाखेतलेसुद्धा माझ्याकडे यायचे. "मॅडम, जरा कडक करून द्या," म्हणायचे. मी करून द्यायची. चहा घेईपर्यंत मसुदा तयार.

बाहेरच्या माणसाला शिक्षा म्हणजे शिक्षा. फार तर तो दंड आणि भुर्दंड यांत फरक करील, एक आपल्या चुकीचा आणि दुसरा फुकटचा. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे शिक्षांची उतरंड आहे. सगळ्यात हलका तो ठपका. कोणी मारत नाही, कापत नाही, फक्त सेवापुस्तकात एक ओळ लिहिली जाते आणि ती जन्मभर तिथे राहते. मग वेतनवाढ रोखणं, बढती रोखणं. ह्या झाल्या किरकोळ शिक्षा, नियमातच तसं लिहिलंय, किरकोळ. त्यानंतर जबर. सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि सगळ्यात शेवटी बडतर्फ. काढून टाकलेल्याला पुन्हा कुठे सरकारी नोकरी मागता येते, बडतर्फाला तीही नाही. नवीन लागलेल्या पोरांना मी हे तोंडपाठ म्हणून दाखवायची आणि ती माझ्याकडे बघत राहायची.

सोडण्याचीही अशीच उतरंड आहे, पण ती कोणी विचारत नाही. माणूस रजा सोडतो, बढती नाकारतो, स्वेच्छानिवृत्ती घेतो, राजीनामा देतो. लोकांना वाटतं यातला राजीनामा सगळ्यात मानाचा. तोंडावर फेकला आणि ताठ मानेने निघून आलो, अशा गोष्टी लग्नाच्या पंगतीत सांगतात. पेन्शनच्या नियमात मात्र राजीनामा म्हणजे केलेली सगळी नोकरी पाण्यात. नियमाच्या पुस्तकात त्याला समपहरण म्हणतात. हा शब्द आमच्या कार्यालयात धड कोणाला उच्चारता येत नाही, म्हणून त्याची भीतीही कोणाला वाटत नाही. अफरातफर करून बडतर्फ झालेला माणूस आणि मानाने राजीनामा देऊन गेलेला माणूस, पेन्शनच्या बाबतीत दोघांच्या हातात सारखंच काही नाही.

हे मला माहीत होतं. आमच्या शिपाई मावशींना माहीत नव्हतं.

मावशी म्हणायचं ते कार्यालयाच्या पद्धतीने, माझ्याहून त्या जेमतेम चार वर्षांनी मोठ्या. नवरा आमच्याच कार्यालयात ड्रायव्हर होता. तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर ह्या लागल्या, त्याला आता बावीस वर्षं होऊन गेली. माहेर सायखेड्याचं. नाशकात एका खोलीत राहायच्या, एक मुलगी, ती नर्सिंगला. जमीनजुमला काही नाही, सासरच्यांनी नवरा गेल्याच्या वर्षीच दार लावून घेतलेलं. म्हणजे म्हातारपणाला म्हणून त्यांच्याजवळ जे काही होतं ते एवढंच, ही नोकरी आणि तिच्या मागून येणारी पेन्शन. दुपारचा डबा आम्ही बरोबर खायचो. त्या मला ताई म्हणायच्या.

मे महिन्याची गोष्ट. साहेबांची बदली झाली होती, शुक्रवारी ते कार्यमुक्त होणार होते. जाताना टेबल स्वच्छ करून जायचं अशी त्यांना फार हौस. त्याच आठवड्यात सोमवारी एक पाकीट हरवलं. एका उमेदवाराची मूळ प्रमाणपत्रं त्यात होती. आमच्या शाखेतून ते अभिलेख कक्षात जायला निघालं आणि पोचलं नाही. नोंदवहीत पाकीट उचलल्याची सही मावशींची. मावशी म्हणत, मी नेऊन ठेवलं. कुठे ठेवलं, तर आठवत नाही, त्या दिवशी बैठक होती, धावपळ होती.

साहेब म्हणाले, "हलगर्जीपणाची नोटीस काढा. कारणे दाखवा. उमेदवार बोंबलत आला तर आपल्याकडे कागद पाहिजे."

एवढंच म्हणाले. हलगर्जीपणा. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं माझं आहे.

मी नवीन नोटीस कधी लिहीत नाही. कोणीच लिहीत नाही. जुनी उघडायची, नाव बदलायचं, तारीख बदलायची, मधला परिच्छेद बदलायचा. त्या दिवशी मी जी जुनी उघडली ती एका भांडारपालाची होती. त्याने कार्यालयाचं भंगार परस्पर विकलं होतं आणि तो पुढे बडतर्फ झाला. मी नाव बदललं, तारीख बदलली, मधला परिच्छेद बदलला. शेवटच्या दोन ओळी तशाच राहिल्या. "सदर वस्तूचा अपहार करण्याचा आपला हेतू असल्याचे दिसून येते. आपली सचोटी संशयास्पद आहे." मी वाचल्या नाहीत. साहेबांनी सही केली, त्यांनीही वाचल्या नाहीत. नोटीस मावशींच्या हातात पडली आणि त्यांनी वाचल्या, कारण त्या मजकुरावर बोट ठेवून एकेक शब्द वाचतात.

त्यांनी शेजारच्या टेबलावर विचारलं, "अपहार म्हंजी काय हो?" शेजारच्याने सांगितलं, चोरी. मी तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये होते.

मंगळवारी त्या आल्या नाहीत. बुधवारी सकाळी आल्या, सरळ आवक कक्षात गेल्या, अर्ज दिला, शिक्का मारून पोच घेतली आणि निघून गेल्या. अकरा वाजता तो अर्ज माझ्या टेबलावर आला. वहीच्या आखीव कागदावर, सरळ अक्षरात. "मी बावीस वर्षं नोकरी केली. मला चोर म्हणले. मी स्वखुशीने राजीनामा देते. तो आजच मंजूर व्हावा."

 चोर? मी संगणकावर नोटीस पुन्हा उघडली, आणि त्या दोन ओळी वाचल्या.

आपली चूक सापडली की माणूस पहिली गोष्ट काय करतो तर इकडेतिकडे बघतो. मीही बघितलं. कोणाचं लक्ष नव्हतं. मी पडद्यावरची नोटीस बंद केली आणि बसून राहिले. मग मनात आलं की साहेबांची सही आहे, उद्या कोणी विचारलं तर म्हणेन, साहेबांनी मंजूर केलेला मसुदा. लगेच दुसरं आलं. महिन्याभरात बढतीची यादी लागणार होती आणि त्यात माझं नाव पहिलं होतं. अकरा वर्षं थांबले होते त्या नावासाठी. यादी लागण्याआधी सेवापुस्तकात एक ठपका जरी आला तरी नाव खाली जातं. हा नियमही मीच इतरांना सांगते.

दुपारी पाकीट सापडलं. कुठे, तर साहेबांच्याच केबिनमधल्या कपाटात, बैठकीच्या फोल्डरांच्या ढिगाखाली. बैठकीच्या गडबडीत कोणीतरी सगळं उचलून एकत्र ठेवलं होतं. साहेब हसले, म्हणाले, "चला, सुटलो."

मी म्हटलं, "साहेब, मग मावशींचा राजीनामा?"

"तो वेगळा विषय आहे. बाईने स्वतःहून दिलाय, स्वखुशीने म्हटलंय. नोटीस मागे घेतली असं टिपणीत लिहा आणि राजीनामा माझ्यापुढे ठेवा. शुक्रवारी जायच्या आधी सही करतो. नव्या माणसासाठी घाण नको."

म्हणजे हातात गुरुवार होता आणि शुक्रवारची सकाळ. राजीनामा मंजूर होईपर्यंत मागे घेता येतो. एकदा सही झाली की संपलं, मग मंत्रालयापर्यंत कपाळ घासलं तरी फार कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्या वसाहतीतल्या विहारात वंदना होती. मी लहानपणापासून जाते, वडील शाळामास्तर, ते पुढे बसून सांगायचे आणि आम्ही मागून म्हणायचो. पाच शीलं म्हणजे पाच गोष्टी सोडायच्या. जीव घेणं सोडायचं, न दिलेलं घेणं सोडायचं, व्यभिचार सोडायचा. चौथं शील खोटं बोलणं सोडण्याचं. मी त्या दिवशी तिसऱ्यानंतर गप्प बसले. शेजारच्या काकूंनी कोपराने ढोसलं, त्यांना वाटलं मला डुलकी लागली.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निमाणीच्या स्टँडवरून बस पकडली. मावशी खोलीवर नव्हत्या, मुलीने फोनवर सांगितलं की सायखेड्याला मामाकडे गेल्यात. पर्समध्ये मी दोन कागद घेतले होते, राजीनामा मागे घेण्याचा अर्ज आणि शुद्धिपत्रकाचा मसुदा. मसुदा सकाळीच केला होता, आणि माझ्या मते नामी केला होता. "दिनांक अमुकच्या नोटिशीतील शेवटच्या दोन ओळी टंकलेखनातील चुकीमुळे आल्या असून त्या वगळण्यात येत आहेत." त्यात कोणाचं नाव नाही, कोणाचा दोष नाही. टंकलेखनातील चूक ही आमच्याकडे अशी चीज आहे की ती होते, पण कोणी करत नाही.

चांदोरीच्या पुढे पूल ओलांडला की सायखेडा. ऊन मी म्हणत होतं. नदीला पाणी कमी, पण काठचे मळे हिरवे होते. मावशी भावाच्या मळ्यात निंबाखाली बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. समोर भाऊ आणि भावजय. मला बघून भाऊ उठले, पाण्याचा तांब्या दिला, बसायला गोणपाट टाकलं. मावशी उठल्या नाहीत.

मी म्हटलं, "मावशी, पाकीट सापडलं. साहेबांच्याच कपाटात होतं."

"मला ठाव होतं सापडंल ते," त्या म्हणाल्या. जुडीला गाठ मारली, देठ कापले.

"मग आता राजीनामा मागे घ्या. उद्या साहेब सही करणार आहेत. एकदा सही झाली ना मावशी, पेन्शन गेली. सगळी. बावीस वर्षं गेली. स्वेच्छानिवृत्ती वेगळी आणि राजीनामा वेगळा. सोडायचीच असेल नोकरी तर मी तुम्हाला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून देते, तीन महिन्यांची नोटीस द्या आणि मानाने जा. पण हे नको."

भावाचा हात थांबला. "म्हंजी? पेन्शन नाय मिळणार? ही तर म्हणली मिळंल."

"नाही मिळणार, भाऊ."

भाऊ बहिणीकडे बघायला लागले. भावजयीचा चेहरा मी पाहिला. आज निंबाखाली जागा होती, दोन महिन्यांनी असेल की नाही हे त्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं. मावशींनीही ते वाचलं असणार.

त्या म्हणाल्या, "ताई, मला चोर म्हणलंय. माझा नवरा त्याच हाफिसात व्हता. त्याच्या मागं मी आले. बावीस वर्षांत तिथली टाचणी घरी नाय नेली. आता पोरीचं लगीन व्हायचं हाय. त्यो कागूद तिथं राहणार, कोणी बी उघडणार. चोर म्हणून पेन्शन घिऊ का?"

मी पर्समधून शुद्धिपत्रक काढलं. वाचून दाखवलं. आवाज अगदी गोड केला होता, आता आठवलं की लाज वाटते.

त्यांनी कागद हातात घेतला. बोट ठेवून पुन्हा वाचला.  मग त्यांनी विचारलं, "टंकलेखनाची चूक म्हंजी बोट घसरलं?"

"हो, तसंच."

"बोट घसरलं तर काना-मात्रा चुकंल. येखादा शबुद उलटा पडंल. दोन वळी पडत्यात का?"

 त्यांनी कागद घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला.

"मला मंजुरी बिंजुरी नाय कळत. पर येक कळतं. कोणीतरी मला चोर म्हणलं आणि आता म्हणतंय, मी नव्हतो, मशीन व्हती. जावा तुम्ही, ताई. दिस बुडायच्या आत निघा."

भाऊ म्हणाले, "आगं पर आक्के, पेन्शन जाईल की." त्या म्हणाल्या, "जाऊ दे." आणि पुढची जुडी घेतली. पण गाठ बसत नव्हती. त्यांना कळलं होतं की काय जातंय. कळूनही सोडत होत्या. तो राग नाकावरचा नव्हता.

मी उठले. चप्पल घातली. चार पावलं गेले असेन. खरं सांगते, मी निघून जाऊ शकले असते. मी प्रयत्न केला, सायखेड्यापर्यंत गेले, उन्हात गेले, त्यांनीच ऐकलं नाही, असं सगळ्यांना सांगता आलं असतं आणि सगळ्यांनी मानही डोलावली असती. बढतीही झाली असती. मला स्वतःचीच चीड आली. मी परत फिरले आणि उभ्यानेच बोलले.

"मशीन नव्हती. मी होते. जुन्या नोटिशीवरून केली, त्या ओळी एका चोराच्या होत्या. काढायच्या राहिल्या. मी वाचलं नाही. साहेबांनी फक्त हलगर्जीपणा म्हटलं होतं."

मला वाटलं होतं त्या सुटल्यासारख्या होतील. साहेबांना त्या घाबरायच्या, मला नाही. पण त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं की मी त्यांचं ओझं कमी नाही केलं, वाढवलं.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं साहेब. साहेब काय, आज हाय, उद्या नाय. तुम्ही व्हय?"

मी म्हटलं, "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"म्हणायचं नव्हतं आणि म्हणलं. माझं नाव घालताना तरी वाचायचं व्हतं. माझं नाव त्या चोराच्या नावाच्या जागी टाकलं ना तुम्ही, तेवढं तरी दिसलं आसंल."

दिसलं होतं. तेवढं दिसलं होतं.

मी विचारलं, काय करू.  भाऊ घराकडे जाऊन चहा सांगून आले, तो मी घेतला नाही, मावशींनीही नाही. मग त्या म्हणाल्या, "कागदावर लिवा, कोणी केलं ते. नावासकट. आणि तुमच्या शाखेत सगळ्यांदेखत वाचा. मला बी सगळ्यांदेखतच कळलं, अपहार म्हंजी चोरी."

"आणि तुम्ही राजीनामा मागे घ्याल?"

"बघते."

 मी राजीनामा मागे घेण्याचा अर्ज लिहून आणला होता, फक्त सही हवी होती. त्यांनी तो ठेवून घेतला, सही केली नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि नाशिक येईपर्यंत एकच हिशोब करत राहिले, त्या येतील की नाही. दुसरा विचार करायची ताकद नव्हती.

शुक्रवारी साडेनऊलाच कार्यालय गाठलं. माझं निवेदन हाताने लिहिलं, एक पान. जुनं काही उघडलं नाही. अकरा वाजले. मावशींचा पत्ता नाही. फोन लावला, बंद. मुलीला लावला, तिने उचलला नाही. भावांना लावला, ते म्हणाले, "सकाळी इथून निघाली, कुठं गेली काय म्हायती नाय. बोललीच नाय कालपासून." बाराला साहेबांचा निरोप आला, राजीनाम्याची फाईल आणा. मी सांगितलं, टिपणी चालू आहे. साडेबाराला पुन्हा निरोप. एक वाजता साहेब स्वतः दारात आले. दोनला त्यांचा निरोप समारंभ, हारतुरे येऊन पडलेले.

"घोडं कुठे पेंड खातंय, मॅडम?"

मी फाईल घेऊन केबिनमध्ये गेले. राजीनामा, त्याच्यावर टिपणी, टिपणीवर माझं निवेदन. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. वरचा कागद बघून थांबले. वाचलं. या माणसाला काही वाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"हे कशाला?" ते म्हणाले. "तुम्हाला कोणी विचारलंय का? हात दाखवून अवलक्षण आहे हे. हे फाईलला लागलं तर मला ठपका ठेवावा लागेल. यादी महिन्यावर आली आहे, तुमचं नाव वर आहे. काढून घ्या तो कागद. मी पाहिलाच नाही समजा."

"आणि राजीनामा?"

"तो मंजूर करतो. बाई मोकळी, तुम्ही मोकळ्या, मी मोकळा."

त्यांनी निवेदन उचलून माझ्याकडे सरकवलं. माझा हात पुढे गेला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण गेला. बोटं कागदाच्या कडेला लागलीसुद्धा. मग मी तो कागद परत त्यांच्या बाजूला ढकलला आणि म्हटलं, "फाईलला लावा, साहेब. पण राजीनाम्यावर दोन वाजेपर्यंत सही करू नका. एवढंच."

"ती येणार आहे का?"

"माहीत नाही."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "पावणेदोन," म्हणाले. "पावणेदोनला सही करणार."

मी बाहेर येऊन माझ्या टेबलाशी उभी राहिले. बसवेना. शाखेतले लोक डबे उघडत होते, कोणीतरी मला बोलावलं, मी नाही म्हटलं. दीड वाजला. पंधरा मिनिटं उरली की दहा की पाच, मी नुसती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. एक चाळीसला मावशी दारात आल्या. घामाघूम. सोबत मुलगी. सकाळपासून तिच्या होस्टेलवर बसल्या होत्या, तिला सगळं सांगायला, आणि तिनेच ओढून आणलं, हे मला नंतर कळलं.

त्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. "वाचा," म्हणाल्या.

मी निवेदनाची दुसरी प्रत काढली आणि वाचली. शाखेत अकरा माणसं होती, कोणाचा घास हातात, कोणाचा तोंडात. माझं नाव, माझं पद, जुनी नोटीस, मी न वाचलेल्या दोन ओळी. सदर कर्मचाऱ्याची सचोटी बावीस वर्षांत कधीही संशयास्पद नव्हती.   शेजारच्या टेबलावरचा, ज्याने अपहाराचा अर्थ सांगितला होता, तो खाली बघत होता. मावशींनी पिशवीतून घडी केलेला अर्ज काढला, सही केलेला, आणि त्या केबिनकडे गेल्या. मी मागे गेले नाही.

साहेबांनी लिहिलं, "राजीनामा मागे घेतल्याने दप्तरी दाखल." मग मला बोलावलं. चिडलेले होते, बाहेर लोक हार घेऊन खोळंबले होते. म्हणाले, "तुमच्या ठपक्याचा आदेश आत्ता पाहिजे, जायच्या आधी सही करतो. कबुली दिलीच आहे तुम्ही, वेगळा खुलासा नको. मसुदा तुम्हीच करून आणा. तुमच्यासारखा इथे कोणाला जमत नाही."

मी तो केला. शेकडो केले होते, पण याला सगळ्यात जास्त वेळ लागला. नाव स्वतःचं घालताना हात थांबतो, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. "कर्तव्यात कसूर केल्याबद्दल आपणावर ठपका ठेवण्यात येत असून त्याची नोंद आपल्या सेवापुस्तकात घेण्यात यावी." पुन्हा पुन्हा वाचला. कमी नाही, जास्त नाही. साहेबांनी सही केली आणि हार घालून घ्यायला गेले.

आदेश बजावायचं काम शिपायाचं. मावशी त्याच दुपारी कामावर रुजू झाल्या होत्या. टाळ्यांचा आवाज येत होता, शाखेत आम्ही दोघीच. त्या बजावणीची वही आणि तो कागद घेऊन आल्या, माझ्यापुढे ठेवला, उभ्या राहिल्या. मी पेन उचललं.

त्यांनी वहीवर हात ठेवला. "यात तुम्हाला चोर म्हणलंय का?"

"नाही."

"खोटं काही लिवलंय?"

"नाही, मावशी."

त्यांनी हात काढून घेतला. "मंग करा सही, मॅडम," म्हणाल्या.